पहिला शब्द मुलाचा

काटेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि एकोणीस वर्षं तिथंच सुखानं पडून होतं. कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या मुलांच्या खोलीत बाई बसायच्या. वकिलांनी, शिपायांनी आणि भांडून भांडून दमलेल्या नवराबायकोंनी मिळून त्यांना हे नाव ठेवलं, कारण घड्याळाचा काटा आणि बाई यांच्यात त्यांना काही फरक दिसेना. अकराची भेट म्हणजे अकराचीच. एकला संपणार म्हणजे एकलाच संपणार. पोर बापाच्या मांडीवर झोपलेलं असो की आईच्या गळ्यात पडून हुंदके देत असो, एक वाजला की बाई उठायच्या, दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "चला, वेळ झाली." लोक हातापाया पडायचे, चिडायचे, वर जाऊन तक्रार करायचे. बाई ढिम्म. तक्रारीचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा तेही त्याच सांगायच्या.

आता त्यांचं काम नेमकं काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवराबायको वेगळे व्हायला आले की कोर्टासमोर दोन प्रश्न येतात. एक वस्तूंचा आणि एक मुलांचा. वस्तूंचं वरच्या मजल्यावर चालतं. घर कुणाच्या नावावर, लग्नाआधीचं काय, नंतर दोघांनी मिळून घेतलेलं काय, कपाट कुणाचं, धुण्याचं मशीन कुणाचं. माणसं कपबशांवरून गळे काढतात, पण निदान तिथं यादी करता येते. मुलाचे दोन तुकडे करून यादीत लिहिता येत नाहीत, म्हणून मग त्याच्या दिवसांचे करतात. शनिवार याचा, मंगळवार तिचा, सुट्टीचा पहिला पंधरवडा इकडे, दुसरा तिकडे. आईबाप आपसात काय वाटेल ते ठरवोत, कोर्ट ऐकून घेतं, पण मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द कोर्टाचा. आणि जिथं आईबापांचं अजिबात जमत नाही, तिथं साहेब म्हणजे न्यायाधीश सांगतात, आठ शनिवार त्या तळमजल्याच्या खोलीत भेटा. बाई बघतील, बाई लिहितील, मग ठरवू.

बाई लिहायच्या म्हणजे काय, तर एक छापील कागद भरायच्या. मूल आलं ती वेळ. पालकाजवळ गेलं का: स्वतःहून, सांगितल्यावर, नाही. संवाद: झाला, नाही. रडलं का. निघालं ती वेळ. खाली शेरा लिहायला एक ओळ, तीही अशी की त्यात नीट वाक्य मावू नये. बाईंचा दंडक होता की दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही. मूल घाबरलं असं त्या कधी लिहीत नसत. मूल दाराकडे बघत होतं, असं लिहायच्या. म्हणून साहेबांचा त्यांच्या कागदावर डोळे मिटून विश्वास. एकोणीस वर्षांत त्यांना कधी वर बोलावून विचारायची वेळ आली नव्हती, आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते.

खोलीत एक पाटी होती. तीही बाईंचीच करणी. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी बघितलं होतं की आईबाप आत आले की पोरावर नुसते तुटून पडायचे. तिकडे कोण येतं? आई काय म्हणते माझ्याबद्दल? बाबाने नवीन काय घेतलं? मूल बिचारं या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत बसायचं. तेव्हा बाईंनी नियम काढला: पहिला शब्द मुलाचा. मूल बोलेपर्यंत मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. जवळ बसा, खेळणी मांडा, चित्र काढा, पण गप्प. दहा मिनिटांत मूल आपणच बोलायला लागतं. आणि खरंच लागायचं! इतका तो नियम चालला, की तेव्हाच्या साहेबांनी तो रंगवून भिंतीवर लावायला सांगितला. बाईंच्या आयुष्यात कौतुकाची म्हणावी अशी ती एवढीच पाटी.

बाकी आयुष्यात काय होतं? त्यांचाही संसार याच कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर मोडला होता, त्या इथं नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. मुलगा नऊ वर्षांचा. तो बाईंकडे राहिला आणि बापाला एकाआड एक रविवार मिळाला, सकाळी दहाला. एका रविवारी बापाला दहा मिनिटं उशीर झाला. बाईंनी दार उघडलं नाही. कागदावर दहा लिहिलंय, दहा वाजून दहा मिनिटं नाही, असं त्या आतूनच म्हणाल्या. मुलगा बूट घालून दाराशी उभा होता. त्यानंतर बाप दोनदा आला, मग यायचा बंद झाला. मुलगा आता परगावी असतो. दर रविवारी फोन करतो, बरोबर दहाला, आणि तब्येत बरी आहे ना एवढं विचारून ठेवतो. बाईंना ते दारापाशी उभे असलेले बूट अजूनही आठवतात. कुणाला सांगणार?

तर अशा या थकल्या बाईंच्या खोलीत एका शनिवारी भिंगरी आली. वय सात. भिंगरी हे घरचं नाव, कारण पोरगी म्हणे एका जागी पाच मिनिटं टिकत नसे. बाप गाड्यांच्या सीट शिवायचा. कोर्टात सगळे त्याला सीटवालाच म्हणायला लागले. रुंद हात, अंगठ्याला कायमची सुईची भोकं, आणि बोलणं मुळातच बेताचं. आई एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायची. पहाटेच उठून कामावर जाणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण पोरीच्या वेण्या कधी विसकटलेल्या नाहीत. दोघांपैकी कुणी राक्षस नव्हतं. ही गोष्ट बाईंना पहिल्या दिवशीच कळली. राक्षस असता तर निकाल सोपा झाला असता.

वस्तूंची वाटणी एव्हाना झाल्यासारखीच होती. दोघांनी मिळून घेतलेलं घर भिंगरी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या आणि आईच्या ताब्यात राहील, मग विकून निम्मं निम्मं. शिवणाचं मशीन बापाकडे. बापाने स्वतःच्या हाताने बनवलेला सोफा यादीत 'सोफा, तीन जणांचा, एक' असा लिहिला होता, तोही त्याने घरातच राहू दिला. "पोरगी त्याच्यावर झोपते," एवढंच तो म्हणाला. त्याचं मागणं एकच होतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर त्याने घेतलं होतं, तिथं एकाआड एक शनिवार-रविवार भिंगरी यावी. आईचं म्हणणं, पोरगी त्याच्याकडे राहायला तयार नाही, महिन्यातून दोन तास इथंच भेटू दे. साहेबांनी आठ शनिवार दिले. पोरगी बापाशी कशी वागते त्यावर सगळं ठरणार होतं, आणि कशी वागते ते बाईंचा कागद सांगणार होता.

पहिल्या शनिवारी दाराशीच बाईंनी सीटवाल्याला नेहमीचं सांगितलं. "आत एकच नियम. पहिला शब्द मुलाचा. विचारायचं नाही, ओढायचं नाही. ती बोलली की बोला."

"आणि नाही बोलली तर?"

"बोलतात हो. दहा मिनिटांत बोलतात."

भिंगरी आत आली, बापाला बघितलं, समोर जाऊन बसली आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. बापाने ठोकळे मांडले. तिने एक उचलला, ठेवला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, तास गेला. पोरगी ब्र काढेना. बापाचा चेहरा उतरत चालला, पण नियम म्हणजे नियम, तोही मूग गिळून बसला. एकला बाई उठल्या. संवाद: नाही.

दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. बाहेर बाकावर आईपाशी गेली की पोरीचं तोंड सुरू, आत आली की कुलूप. बाईंनी असली मुलं पाहिली नव्हती असं नाही. रागावलेली असतात, कुणी शिकवून पाठवलेली असतात, काही खरोखर घाबरलेली असतात. यातलं काय, ते लिहायचं बाईंचं काम नव्हतं. त्या खुणा करत राहिल्या. पाचव्या वेळी शेऱ्याच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'ओठ घट्ट मिटलेले.' आईच्या वकिलाने त्या तीन शब्दांच्या ओळीखाली तांबडी रेघ मारली असं शिपायानेच येऊन सांगितलं. सीटवाल्याचा वकील त्याला जिन्यात म्हणत होता, "मनाची तयारी ठेवा." तो मान हलवत होता.

सहाव्या शनिवारी एक गोष्ट झाली. खोलीतला जुना सोफा तीन वर्षं फाटून पडला होता. दुरुस्तीचे अर्ज बाईंनी किती केले याची गणतीच नाही. वरून उत्तर यायचं की सोफा चालू स्थितीत आहे. सीटवाला त्या फाटक्या कडेकडे असा बघत बसला, जसा डॉक्टर जखमेकडे बघतो. शेवटी त्याने बाईंकडे वळून हाताने खूण केली, सुई? धारदार वस्तू आत न्यायची नाही, हाही नियमच. पण बाईंच्या खणात गोणपाट शिवायची एक सुई आणि दोरा होता. का कुणास ठाऊक, त्यांनी दिला. एक सुई आत, असं मनात मोजून दिला. बाप गुडघ्यावर बसला. भिंगरी उठली आणि काही न सांगता फाटक्या कापडाची दोन्ही टोकं दोन मुठींत धरून उभी राहिली. बापाने टाका घातला की ती मूठ पुढे सरकवायची. किती पुढे, कधी, एकदाही चुकली नाही. अर्धा तास दोघं शिवत होती. बाई बघत होत्या. मग एक वाजला. सुई परत घेतली. संवाद: नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना दिसलं होतं ना? दिसलं होतं. पण टोकं धरली यासाठी कागदावर रकाना नव्हता, आणि एकोणीस वर्षं रकाने भरले की माणसाला रकान्यापुरतंच दिसायला लागतं. थकलेल्या माणसाला तर ते बरंच वाटतं. त्या दिवशी पाय सुजले होते, घरी जाऊन पाण्यात सोडायचे होते. एवढंच.

आठवा शनिवार शेवटचा. मंगळवारी निकाल. सात कागद वर फायलीत जाऊन बसले होते, सातांवर 'नाही'. भिंगरीने रंगवायला घेतलं आणि हात कोपरापर्यंत निळे करून घेतले. बाई तिला बाहेरच्या बेसिनवर घेऊन गेल्या. नळ सोडला, साबण दिला.

"मावशी," भिंगरी हळूच म्हणाली, "बाबा अजून किती दिवस गप्प बसू शकतो?"

बाईंचा हात नळावरच राहिला. "का गं?"

"गाडीत तर लगेच हरायचा. सिग्नल यायच्या आतच बोलायचा. आता केवढा शिकलाय!"

"कशात हरायचा?"

पोरीने बाईंकडे असं बघितलं की या मोठ्या बाईला एवढंही कसं माहीत नाही. मग समजावून सांगितलं. रविवारी आई कामावर असायची, तेव्हा ती बाबाच्या गाडीतून दुकानात जायची. वाटेत दोघांचा खेळ असायचा. गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला. हरणाऱ्याने जिंकणारा सांगेल ते करायचं, काहीही असो, नाही म्हणायचं नाही. एकदा ती जिंकली तर बाबाला दिवसभर उलटा शर्ट घालून दुकानात बसवलं होतं. गिऱ्हाइकं हसत होती. पहिल्या दिवशी या खोलीत बाबा बोलला नाही तेव्हाच तिला कळलं, की खेळ सुरू झाला.

"तुम्हाला सांगितलं तर चालतं," ती म्हणाली, "तुम्ही खेळात नाही."

बाईंच्या डोळ्यांसमोर ती पाटी उभी राहिली. पहिला शब्द मुलाचा. म्हणजे त्यांनीच बापाचं तोंड बांधलं होतं, त्यांनीच पोरीला खेळात उतरवलं होतं, आणि मग दोघं इमानदारीने गप्प बसली म्हणून त्यांनीच सात वेळा 'नाही'वर खूण केली होती. अरे देवा!

"आणि जिंकलीस की काय सांगणार बाबाला?" त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं.

भिंगरीने निळे हात पाण्याखाली धरले. "घरी चल म्हणणार. नाही म्हणता येत नाही ना त्याला."

बाईंनी तिचे हात पुसले, एकेक बोट पुसलं, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसलं. त्यांनी तिला आत सोडलं आणि कागद पुढे ओढला. खेळासाठी रकाना नव्हताच. शेऱ्याच्या ओळीत बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'आधीच्या सात नोंदी चुकीच्या समजुतीने. तोंडी सांगायचे आहे.' सही केली. आजवर त्यांच्या कागदावर खाडाखोडही झाली नव्हती.

दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. सांगितलं नाही तर? कुणाला कळणार होतं? चार महिन्यांनी त्या निघून जाणार होत्या. सांगितलं तर एक नोंद खोटी ठरते, आणि एक खोटी ठरली की लोक बाकीच्याही उकरून काढतात. किती आईबापांचे शनिवार या कागदांवर ठरले होते! आणि सांगून तरी पोरीला काय मिळणार होतं? बाप बोलेल, ती जिंकेल आणि मागू नये ते मागेल. बाई चहा करायच्या आणि तो तसाच गार व्हायचा.

मंगळवारी साहेबांनी फायलीत वरवर नजर टाकली. दिवसाची अठ्ठावीस प्रकरणं, त्यातलं हे एकोणिसावं. साहेबही थकलेले. आईच्या वकिलाने सुरुवात केली, "आठ भेटी, एकदाही संवाद नाही. ओठ घट्ट मिटलेले. आणखी काय पुरावा हवा?" साहेब पेन उचलणार तोच मागच्या बाकावरून बाई उभ्या राहिल्या. गुडघा कडकन वाजला.

"साहेब, मला सांगायचंय."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काटे... बाई, तुम्ही?"

बाईंनी सांगितलं. पाटीपासून बेसिनपर्यंत, सोफ्याची टोकंसुद्धा. पोरगी काय मागणार आहे, तेवढं मात्र सांगितलं नाही. ते त्यांना भर कोर्टात सांगवेना. सीटवाला सुरुवातीला नुसता ऐकत होता. उलट्या शर्टाचं निघालं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पाठ गदगदा हलायला लागली.

आईचा वकील उसळला. "म्हणजे बाईंच्या नोंदी भरवशाच्या नाहीत! आज या सात, उद्या आणखी किती? एकोणीस वर्षं काय लिहीत होतात तुम्ही?"

"दिसलं ते," बाई म्हणाल्या. "पण कमी दिसलं. आधीच्याही तपासा."

साहेबांनी आईला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" वकील उठायला लागला तशी आईने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं.

"घरी ती विचारते," आई म्हणाली. आवाज पहाटेपासून जागा असल्यासारखा. "शनिवार कधी, शनिवार कधी, असं बुधवारपासून. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं इथं येऊन ती त्याच्यावर राग काढते. मला ते... खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं."

तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तेवढी लाज सगळ्यांनी राखली.

साहेबांनी निकाल लिहून घेतला. एकाआड एक शनिवार-रविवार भिंगरी बापाच्या घरी राहील, सुट्टी निम्मी निम्मी. घर, मशीन, सोफा, यादीप्रमाणे. त्याआधी एक भेट तळमजल्यावर, आणि त्या भेटीत बापाने बोलावं. शेवटी साहेब म्हणाले, बाईंच्या मागच्या वर्षभराच्या नोंदी पडताळून बघाव्यात. बाई हो म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी तशी चिठ्ठी आली, आणि त्यांनी ती घडी घालून खणात, सुईशेजारी ठेवली.

शनिवारी सीटवाला पावणेअकरालाच दाराशी. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. जिंकलेल्या माणसासारखा मात्र मुळीच दिसत नव्हता.

"मी आधी बोलायचं ना?"

"बोला."

"ती काय मागेल, तुम्हाला सांगितलंय तिनं?"

"सांगितलंय."

"मग मलाही माहितीय," तो म्हणाला आणि आत गेला.

भिंगरी येऊन समोर बसली, ओठ मिटले, डोळे लावले. बाप त्या शिवलेल्या सोफ्यावर बसला होता. बाईंनी खुर्ची भिंतीकडे सरकवली. बाप ठोकळे मांडत, मोडत, पुन्हा मांडत राहिला, आणि साडेबारा वाजले.

"हरलो गं भिंगरे," बाप म्हणाला.

पोरगी उडालीच! सोफ्यावर, सोफ्यावरून खाली, खालून टेबलाभोवती, दोन्ही हात पसरून गरगर फिरली, हरला हरला म्हणून ओरडली, आणि नऊ शनिवारांत पहिल्यांदा बाईंना कळलं की हिला भिंगरी का म्हणतात. बापही हसत होता. मग ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता मी सांगेन ते करायचं."

"हो."

"घरी चल. आज. आमच्याबरोबर."

बापाने तिचे हात हातात घेतले. बाईंना वाटलं आता हा काहीतरी गोड बोलेल, पुढे कधीतरी म्हणेल, बघू म्हणेल. आजवर त्यांनी शेकडो बाप आणि शेकडो आया 'बघू' म्हणताना ऐकल्या होत्या.

"नाही येता येणार," तो म्हणाला.

"पण तू हरलास!"

"हो. हरलो."

"मग नाही म्हणता येत नाही!"

"माहितीय. तरी नाही येता येणार, पिल्ला. आता नाही आणि नंतरही नाही. तू माझ्याकडे येशील. मी तिकडे राहायला नाही यायचा."

भिंगरीने हात सोडवून घेतले आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, एकदा, दोनदा, किती तरी वेळा, आणि भोकाड पसरलं. बापाने मुठी अडवल्या नाहीत. आणि रडता रडता तिच्या तोंडून दोन महिन्यांचं सगळं बाहेर पडायला लागलं. तू लबाड आहेस. शाळेत मी नाटकात झाड झाले होते, तुला सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मला शिंक आली तर मी जीभ चावली. माझा दात पडला! पुढचा! तू बघशील आणि विचारशील आणि हरशील असं मला वाटलं, पण मग मला हसू आलं असतं आणि मी हरले असते, म्हणून मी तोंडच उघडलं नाही. तिने रडतच ओठ फाकवले. मध्ये रिकामी खिडकी, आणि त्यातून नव्या दाताची पांढरी कड वर येत होती.

बापाने तिची हनुवटी धरली आणि जवळ जाऊन बघितलं. "केव्हा पडला?" त्याने विचारलं.

"केव्हाच!" ती ओरडली. "केव्हाच पडला!" आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून पुन्हा रडायला लागली.

ओठ घट्ट मिटलेले. बाईंना आपली ती ओळ आठवली आणि त्यांनी डोळे पुसले, उघड पुसले, कोण बघतंय याची पर्वा न करता.

दार वाजलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. एक. बाहेर आई उभी होती, पर्स खांद्याला, आतलं रडणं ऐकून चेहरा पांढराफटक पडलेला. तिने आत यायला पाऊल उचललं.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दहा मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या.

"वेळ झाली ना?"

"झालीय. थांबा तरी."

आईने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. दात दाखवून झाला होता. आता बाप विचारत होता, झाड होऊन काय करायचं असतं, आणि भिंगरी हुंदके देत देत दोन्ही हात वर करून दाखवत होती. आई वळली. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेऊन डोळे मिटले.

बाईंनी दार बंद केलं नाही, नुसतं लोटून घेतलं. कागद भरला. रडलं का: हो. संवाद: झाला. शेऱ्याची ओळ त्यांनी कोरी सोडली. शेवटच्या रकान्यात, भेट संपल्यावर, त्यांनी जी होती तीच वेळ लिहिली. एक वाजून पंचवीस मिनिटं.